गोंद बदलून काही होणार नाही, जोड बदला: घरातल्या वस्तूंचे दागिने टिकावेत म्हणून

प्रश्न थोडक्यात परत मांडते, म्हणजे मागून वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही घरातल्या वस्तूंपासून तीन गोष्टी केल्यात: जुन्या बटणांची कानातली, मासिकाच्या कागदाच्या मण्यांची माळ आणि प्लास्टिकच्या बाटलीच्या फुलाचा ब्रोच. बटणं ग्लू गनने टॉप्सच्या दांडीला चिकटवली होती ती दोनतीनदा घातल्यावर निघून आली, माळेचे मणी घामाने चिकट आणि पांढुरके झाले, आणि ब्रोचची पिन फुलामागून सुटली. वर कान खाजतोय, आणि कोणीतरी म्हणालं की हे शाळेच्या प्रोजेक्टसारखं दिसतंय. एवढं सगळं सांगून तुम्ही विचारलंय की सगळ्यात पक्का गोंद कोणता.

गोंदाचं सांगते खाली, पण खरा प्रॉब्लेम तो नाहीये. तुमच्या तिन्ही वस्तूंमध्ये (माळेचा दोरा सोडला तर) सगळा भार गोंदावर आहे, म्हणजे वजन त्यानेच पेलायचं, हिसका त्यानेच सोसायचा आणि घामपण त्यानेच झेलायचा. दागिना दिवसभर हलत असतो, केसात अडकतो, कपड्यात अडकतो, रात्री कंटाळून काढताना कसाही ओढला जातो, त्यामुळे दोन गुळगुळीत गोष्टींच्या मधे एक थेंब चिकट पदार्थ आणि त्यावर सगळी भिस्त हे गणितच चुकीचं आहे. मी बरीच वर्षं हे काम करतेय आणि शिकवतेय पण, माझा नियम एवढाच की जिथून वजन जातं तिथे भोक, तार, कडी, गाठ नाहीतर टाका पाहिजे, गोंद फक्त वस्तू जागेवर धरून ठेवायला. हे एकदा डोक्यात बसलं की हातात कुठलीही वस्तू आली तरी पहिला विचार हा येतो की याला भोक कुठे पाडू, किंवा याला तारेने कुठून धरू.

आता काही गोष्टी तुमच्यावर अवलंबून आहेत त्या मला इथून कळणार नाहीत. रोज घालायचंय की एखाद्या कार्यक्रमापुरतं? एका संध्याकाळपुरतं असेल तर खालचं निम्मं सोडून द्या, ग्लू गन चालेल. स्वतःसाठी की कोणाला द्यायला? दुसऱ्याच्या त्वचेची तुम्हाला खात्री नसते, त्यामुळे द्यायचं असेल तर धातूच्या बाबतीत जास्त कडक राहा. घरात अगदी लहान मूल आहे का, जे दिसेल ते तोंडात घालतं? मग बटणं आणि मणी असलेलं काहीही त्याच्या हाती लागणार नाही असंच ठेवायचं आणि त्याच्या गळ्यात तर काहीच घालायचं नाही. आणि हत्यारं काय आहेत? माझं म्हणणं आहे की निमुळत्या गोल टोकाची एक छोटी पक्कड, एक चपट्या टोकाची पक्कड आणि तार कापायला एक कटर, या तीन गोष्टी असतील तर सगळं होतं, पण गोल पक्कड नसेल तर जाड सुई किंवा बॉलपेनच्या रिफिलभोवतीसुद्धा तार वळवता येते, फक्त सगळे वेढे एकसारखे यायला वेळ लागतो.

गोंदाचं एकदा उरकून टाकू. ग्लू गनचा गोंद हे मुळात वितळणारं प्लास्टिक आहे, तो गरम असताना चिकटतो आणि गार झाला की गुळगुळीत पृष्ठभागावरून टक्कन सुटून येतो, कारण त्याला धरायला काही नसतं. तुमची बटणं तशीच निघाली असणार, मागे गोंदाची आख्खी चकती दांडीला चिकटलेली आणि बटण एकदम स्वच्छ, बरोबर ना? शिवाय उन्हात बंद गाडीत राहिला तर तो परत मऊ पडतो. तो कापड आणि खरखरीत लाकडावर बरा. सुपर ग्लू पटकन धरतो पण ठिसूळ असतो, सरळ ओढ सहन करतो पण वाकवलं किंवा आपटलं की तडकतो, आणि चकचकीत वस्तूंवर आजूबाजूला पांढरी धूसर छटा सोडतो. सुपर ग्लू सांडला म्हणून कापसाने किंवा सुती कापडाने पुसायला जाऊ नका, सुती धाग्याशी त्याची क्रिया होऊन बरीच उष्णता तयार होते आणि चटका बसतो. फेविकॉलसारखा पांढरा गोंद कागद, कापड, लाकूड यांच्यासाठी उत्तम, पण ओल लागली की परत मऊ होतो आणि पांढुरका पडतो, तुमच्या मण्यांचं नेमकं तेच झालंय. काच, धातू, कडक प्लास्टिक खरंच चिकटवायचंच असेल तर दोन ट्यूबवाला इपॉक्सी घ्या, दोन्ही बाजू पॉलिश पेपरने खरवडा, स्पिरिटने पुसून तेलकटपणा काढा, आणि पाकिटावर पाच मिनिटं लिहिलंय म्हणून पाच मिनिटांनी घालू नका, पूर्ण ताकद यायला साधारण २४ तास लागतात. खरवडणं लोक टाळतात आणि मग गोंदाला नावं ठेवतात.

बास, गोंद संपला.

जोडाबद्दल बोलायच्या आधी दोन नावं सांगते, कारण घरातल्या वस्तूंचे दागिने म्हटलं की लोक हे टाइमपास काम समजतात. आनी आल्बर्स ही विणकामातली मोठी कलाकार, तिने आणि तिचा विद्यार्थी अलेक्झांडर रीड याने १९४० च्या सुमारास अमेरिकेतल्या ब्लॅक माउंटन कॉलेजात असताना हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या वस्तूंचे नेकलेस केले. सिंकमधली गोल जाळी, तिला लटकवलेल्या पेपरक्लिपा आणि वर मण्यांची बारीक साखळी, एवढंच. दुसऱ्या एकात रिबिनीत ओवलेले ॲल्युमिनियमचे वॉशर, म्हणजे बोल्टखाली बसवतात त्या भोकाच्या चकत्या. मेक्सिकोतल्या मोंते आल्बानच्या थडग्यात सापडलेले जुने दागिने पाहून त्यांना हे सुचलं होतं, तिथे सोन्याच्या शेजारी साधे शिंपले आणि दगड बिनदिक्कत ओवलेले होते. आणि दुसरा अलेक्झांडर काल्डर, तो हवेत डोलणाऱ्या शिल्पांसाठी प्रसिद्ध, पण त्याने आयुष्यभरात सुमारे १,८०० दागिने केले, बरेचसे पितळेच्या तारेचे, काहींमध्ये चक्क फुटक्या काचा आणि मातीच्या भांड्यांचे तुकडे. तो डाख, म्हणजे धातू वितळवून केलेला सांधा, जवळजवळ लावतच नसे. तार ठोकायची, वळवायची, एकमेकींत अडकवायची. फोटो नीट पाहिलेत तर कळेल की प्रत्येक तुकडा दुसऱ्याला कसा धरून आहे ते उघडउघड दिसतं, आणि ते दिसणं हीच त्याची शोभा आहे. म्हणून म्हणते, जोड लपवायच्या मागे लागू नका, जोड चांगला करा.

आता प्रत्यक्ष जोड. घरात सगळ्यात कामाची तार म्हणजे उरलेल्या वीजवायरच्या आतली तांब्याची. पण ती एकेरी जाड तारेची वायर पाहिजे, बारीक केसांच्या जुडीसारखी असते ती नाही. अर्थात सुटा, कशालाही न जोडलेला तुकडा, भिंतीतली वायर ओढायला जाऊ नका हे सांगायला नको पण सांगते. वरचं प्लास्टिक ब्लेडने लांबीत चिरून सोलून काढा, जाळून काढू नका, ते बहुतेकदा पीव्हीसी असतं आणि त्याचा धूर खरोखर विषारी असतो. साधारण ०.८ मिलिमीटर जाडीची तार कड्या आणि लटकन यांना बरोबर पडते. ०.५ ची गुंडाळायला, मण्यांभोवती वेढे द्यायला. १ मिलिमीटरच्या पुढची ब्रेसलेटच्या सांगाड्याला.

तांब्याचा स्वभाव समजून घ्या. ते सुरुवातीला मऊ असतं आणि जितकं वाकवाल तितकं कडक होत जातं, आणि एकाच जागी पुढेमागे वाकवत राहिलात की तुटतं. म्हणून वळण एकदाच, ठरवून द्यायचं, चुकलं तर तो तुकडा बाजूला ठेवून नवीन घ्यायचा, सरळ करत बसायचं नाही. हाच स्वभाव उपयोगाचाही आहे, कडी तयार झाली की ती सपाट लोखंडी तुकड्यावर ठेवून छोट्या हातोडीने हलकेच चेपा, ती कडक होते आणि आकार सोडत नाही.

कडी करायची तर पेन्सिलीपेक्षा बारीक दांड्याभोवती तार स्प्रिंगसारखी घट्ट गुंडाळा आणि कटरने एकेक वेढा कापत जा, एकदम वीसपंचवीस सारख्या कड्या मिळतात. आणि कडी उघडताना दोन टोकं एकमेकांपासून लांब ओढायची नाहीत, एक टोक आपल्याकडे आणि दुसरं पलीकडे असं पिळून उघडायचं, बंद करताना तसंच उलट. ओढून उघडलेली कडी परत कधीच गोल होत नाही आणि त्या फटीतून दागिना गळून पडतो. बंद केल्यावर अंधारात बोट फिरवून बघा, फट लागली तर अजून थोडी पिळा. दागिने हरवल्याच्या तक्रारी ज्यांनी ज्यांनी मला सांगितल्या त्यातल्या बहुतेकांचं मूळ हे होतं, तार तुटली वगैरे क्वचित.

लटकनाच्या वरचा वेढा शक्यतो बंद करा, म्हणजे नुसता गोल करून सोडू नका, गोल करून उरलेलं टोक वेढ्याच्या खालच्या तारेभोवती दोनतीन वेळा गुंडाळा आणि कापलेलं टोक पकडीने आत दाबा. त्यासाठी मण्याच्या वर साधारण तीन सेंटिमीटर तार सोडावी लागते, नुसत्या साध्या वेढ्याला एक सेंटिमीटर पुरते. सुरुवातीला तार वाया जाईल, जाऊ दे.

कानाच्या खाजेकडे येते, कारण हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि तुम्ही ते शेवटी ओझरतं लिहिलंय. बहुतेक वेळा याचं कारण निकेल. स्वस्त टॉप्स, हूक, सेफ्टी पिना, काही पेपरक्लिपा, कपड्यांचे हूक अशा चकचकीत धातूंवर निकेलचा मुलामा असतो किंवा मिश्रधातूतच निकेल असतं, घामात ते थोडं थोडं सुटतं आणि काहींच्या त्वचेला त्याची ॲलर्जी होते. एकदा झाली की ती सहसा आयुष्यभर राहते, म्हणून "होईल सवय" म्हणत घालत राहू नका. युरोपियन युनियनमध्ये त्वचेला लागून राहणाऱ्या वस्तूतून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटर ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये असा नियम आहे, आणि टोचलेल्या भोकातून जाणाऱ्या भागाला त्याहून कडक, ०.२. म्हणजे भोकातला भाग वेगळा मोजतात, आणि आपणही तसाच विचार करायचा.

तर माझा हिशोब असा: बाकी सगळं भंगारातून घ्या, कानाच्या भोकातून जाणारा हूक मात्र विकत घ्या. टायटॅनियम किंवा नायोबियमचे सगळ्यात निर्धास्त, ९२५ चांदीचेही बहुतेकांना चालतात. सर्जिकल स्टील नावाने मिळतात त्यात निकेल असतं पण ते सहसा फारसं सुटत नाही, तरीही ज्यांना आधीच ॲलर्जी आहे त्यांनी तो जुगार खेळू नये. हूक एकच जोडी असली तरी चालते, खालचं लटकन कडीने जोडलेलं असलं की बदलता येतं. तांब्याच्या तारेचे हूक करायचे व्हिडिओ भरपूर आहेत पण मी भोकातून तांबं घालायला सांगत नाही, ते घामाने हिरवं होतं, गळ्यावर किंवा मनगटावर हिरवा डाग पडला तर साबणाने जातो आणि काही बिघडत नाही, पण भोकाच्या आत तो थर नको. नुकताच कान टोचला असेल तर घरचं काहीच नको, पूर्ण भरून येईपर्यंत थांबा.

धातूला नेलपॉलिश लावायचा उपाय सगळे सांगतात. चालतो, पण थोडे दिवस. तो थर घासून जातो, आणि नेमका जिथे त्वचेला घासतो तिथूनच आधी जातो. अंगठीच्या किंवा ब्रेसलेटच्या आतल्या बाजूला लावायला ठीक, दर थोड्या दिवसांनी परत लावायची तयारी असेल तर. ॲलर्जी असलेल्यांनी त्यावर विसंबू नये. आणि सध्या कान लाल असेल, पाणी येत असेल तर सगळं काढून ठेवा, पूर्ण बरं होऊ द्या, नाही झालं तर डॉक्टरला दाखवा.

वजनाचंही इथेच सांगते. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा असेल तर एक कानातलं त्यावर ठेवा. रोजचं असेल तर मी पाच ग्रॅमच्या आसपास थांबते, कधीमधी घालायचं असेल तर दहा, त्याच्या वर गेलं की त्याचं पेंडंट करते. मोठी धातूची बटणं, नाणी, चाव्या हे दिसायला छान पण कानाची पाळी ओढतात.

आता वस्तू एकेक. कागदावर जरा जास्त बोलणार आहे कारण मला तो सगळ्यात आवडतो, फुकट आहे, आणि नीट केला तर कागद आहे हे कोणाला सांगूनही खरं वाटत नाही.

कागदाच्या मण्याचा सगळा खेळ पट्टीच्या आकारात आहे. लांब त्रिकोणी पट्टी कापायची, एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला शून्य होत जाणारी. रुंद टोकापासून टूथपिकभोवती गुंडाळत गेलं की मधे फुगीर आणि कडेला निमुळता मणी होतो. रुंद टोक जेवढं तेवढी मण्याची लांबी, आणि पट्टी जेवढी लांब तेवढा मणी जाड, या दोन आकड्यांवर तुम्हाला पाहिजे तो मणी मिळतो. दोन सेंटिमीटर रुंद आणि पंचवीस ते तीस सेंटिमीटर लांब ही पट्टी सुरुवातीला चांगली. चकचकीत मासिकाचा कागद पातळ आणि घट्ट असतो म्हणून उत्तम, वर्तमानपत्राचा मऊ पडतो. एक गंमत लक्षात ठेवा, गुंडाळल्यावर फक्त कडा आणि शेवटचं टोक दिसतं, मधलं चित्र सगळं आत जातं, त्यामुळे चित्र किती सुंदर आहे याला काही अर्थ नाही, कडेला कुठला रंग येतो ते बघून कापा. पांढरी कडा सगळ्याच कागदांना दिसते आणि त्यानेच मणी घरगुती वाटतो, म्हणून पट्टी कापल्यावर कडेवरून त्याच रंगाचं किंवा काळं स्केच पेन फिरवा. दोन मिनिटांचं काम, पण मणी एकदम बदलतो. पहिला वेढा गोंदाशिवाय द्या म्हणजे मणी टूथपिकवरून निघेल, मग पुढे पातळ गोंद लावत घट्ट गुंडाळत जा, पट्टी मधोमध राहतेय ना बघत.

गुंडाळून झालं की पाणी न लागणारा थर पाहिजे, आणि इथेच तुमची माळ बिघडली. पांढरा गोंदच वरून वॉर्निश म्हणून लावायचं सगळीकडे सांगतात, दिसतोही चकचकीत, पण गळ्यातल्या घामाला तो टिकत नाही. पाण्यात मिसळणारं ॲक्रिलिक वॉर्निश घ्या, पातळ तीन थर द्या, प्रत्येक थर पूर्ण वाळल्यावर पुढचा, आणि भोकाच्या तोंडाशी नीट आत जाईल असं लावा, कारण ओल तिथूनच शिरते. मणी टूथपिकवर ठेवून थर्मोकोलच्या तुकड्यात उभे खोचले की एकमेकांना चिकटत नाहीत. तरीही हे पाण्याचे दागिने नाहीत, आंघोळीला, पोहायला काढून ठेवायचे.

बटणांना देवाने आधीच भोकं दिलीत आणि तुम्ही ती सोडून मागे गोंद लावलात! दोन भोकांच्या बटणातून तार घाला, मागे पिळा, वर वेढा करा, हूक अडकवा, झालं. चार भोकांच्या बटणात तार तिरकी क्रॉस नेलीत तर पुढूनही सुंदर दिसते. मागे दांडी असलेली बटणं म्हणजे तयार पेंडंटच, पण दांडी आडवी असते त्यामुळे एक कडी मधे घातली नाही तर बटण तिरकं लटकतं. एक मोठं, त्यावर छोटं, अशी एकमेकांवर ठेवायची असतील तर सगळ्यांची भोकं एका रेषेत येतायत का हे आधी बघा.

बाटलीच्या प्लास्टिकचं शास्त्र थोडं सांगते म्हणजे प्रयोग करता येतील. पाण्याच्या पारदर्शक बाटल्या पीईटीच्या असतात, बुडाला त्रिकोणात १ आकडा असतो. बाटली फुगवताना ते प्लास्टिक ताणून पातळ केलेलं असतं, म्हणून साधारण ७०-८० अंशांच्या वर गरम झालं की ते मूळच्या आकाराकडे आक्रसतं आणि वळतं. बाटलीचं तोंड मात्र ताणलेलं नसतं, तो भाग आक्रसत नाही. म्हणजे पाकळ्या मधल्या भिंतीतून कापायच्या. भोकं गरम करायच्या आधी पाडा आणि जरा मोठी पाडा, नंतर ती लहान होतात. मेणबत्तीवर बरंच वर धरून, चिमट्यात पकडून, सतत हलवत गरम करायचं, ज्योतीला लागलं की काळं होतं आणि पेटतं. खिडकी उघडी पाहिजे. आणि बुडाला ३ आकडा असलेलं प्लास्टिक कधीही तापवायचं नाही, ते पीव्हीसी, वायरवरच्या सालीचं भाऊबंद. आकडाच सापडत नसेल तर त्या प्लास्टिकला आचेजवळ नेऊच नका. कापलेल्या कडा आचेजवळून नुसत्या फिरवल्या तरी गोल होतात, हे केलं नाही तर त्या त्वचेला ओरखडे काढतात आणि दिसायलाही कापलेली बाटलीच दिसते.

कापडाचं सोपं आहे. जुन्या टीशर्टच्या आडव्या पट्ट्या कापून ओढल्या की कडा आपोआप आत वळतात आणि दोरा तयार होतो, त्याचे गोफ घाला, तीन पदरी नाहीतर पाच पदरी. टोकं मात्र गाठ मारून सोडू नका, ती शिवा आणि वर तार गुंडाळा. शीतपेयाच्या ॲल्युमिनियमच्या डब्याचा पत्रा जेमतेम ०.१ मिलिमीटर असतो, कात्रीने कापला जातो पण कडा ब्लेडसारखी धारदार, म्हणून तो एकेरी वापरूच नका, कडा दुमडा आणि पॉलिश पेपरने घासा.

काही गोष्टी नकोतच. घड्याळातले बटण सेल दिसायला चांदीच्या टिकल्यांसारखे असतात, कशातही वापरू नका, मुलाने गिळला तर तो आतून भाजतो, जिवावर बेततं. पितळी चाव्यांमध्ये बहुतेकदा थोडं शिसं मिसळलेलं असतं, त्यामुळे पितळ मशीनवर सहज कापलं जातं, मोठ्यांनी पेंडंट म्हणून कपड्यावरून घालायला ठीक, मुलांसाठी नाही. जुना रंग पोपडे सुटून येत असलेल्या वस्तू पण नको, त्यात शिसं असू शकतं. गुंजा लाल-काळ्या सुंदर दिसतात पण त्यांच्या आत भयंकर विष असतं, अखंड असताना टरफल ते अडवतं, आपण भोक पाडलं की अडवणारं कोणी नाही. आणि डाळी-कडधान्यांना वॉर्निश नीट लागलं नाही तर कीड लागते, एवढंच.

दोऱ्याबद्दल थोडं. कागदाच्या आणि कापडाच्या मण्यांना मेण लावलेला सुती किंवा पॉलिएस्टरचा दोरा, धातूच्या आणि काचेच्या मण्यांना नुसता दोरा चालत नाही, त्यांची भोकं धारदार असतात आणि तो कापला जातो, तिथे दुपदरी नायलॉन किंवा बारीक तारेचा दोर. मासेमारीची नायलॉन दोरी लोक वापरतात पण ती जुनी झाली की कडक होते आणि तिच्यावर गाठ सरकते. इलॅस्टिक घेतलंत तर ओवायच्या आधी चांगलं ताणून घ्या, नाहीतर आठवड्यात ब्रेसलेट सैल होतं. मापाचं म्हणाल तर मनगट मोजून त्यात दीड-दोन सेंटिमीटर मिळवा, मणी जाड असतील तर अजून थोडं, कारण जाडी आतल्या बाजूने जागा खाते. माळ गळ्यालगत हवी तर ३५ ते ४० सेंटिमीटर, गळ्याच्या हाडावर यायला ४५ च्या आसपास.

आणि आता ते प्रोजेक्टसारखं दिसण्याचं. माझ्या मते याची दोनच कारणं असतात. एक म्हणजे एका दागिन्यात घरातल्या सगळ्या वस्तू. बटण पण, मणी पण, टिकली पण, लेस पण. आनी आल्बर्सच्या त्या वॉशरच्या नेकलेसमध्ये एकच वस्तू आहे, पुन्हा पुन्हा. एक वस्तू घ्या, तिचीच पुनरावृत्ती करा, फार तर एक वेगळी घाला. रंग दोन, तिसरा धातूचा. दुसरं कारण म्हणजे मागची बाजू. दागिना उलटा करून बघा, मागे गोंदाचे धागे, तारेची टोकं, कागदावरची छपाई दिसतेय का? घालणारीला ती कधीच दिसत नाही पण टोकं टोचली की तिचा हात सारखा तिथे जातो आणि समोरच्याचं लक्षही मग तिथेच जातं. मागे फेल्टचा किंवा जुन्या चामडी पाकिटाचा तुकडा शिवला की वस्तू एकदम पक्की वाटते. वजनातही संतुलन येतं.

तर तुमच्या तिन्ही दागिन्यांचं काय करायचं. कानातली सगळ्यात आधी, बटणांवरचा गोंद नखाने निघेल, टॉप्स फेकून द्या, भोकांतून ०.८ ची तार, मागे पीळ, वर बंद वेढा, कडी, आणि टायटॅनियमचे हूक. माळ उसवा, चिकट झालेले मणी सावलीत दोन दिवस पूर्ण वाळू द्या, ज्यांचा थर पांढरा झालाय ते बारीक पॉलिश पेपरने हलके घासा, मग ॲक्रिलिक वॉर्निशचे तीन थर आणि मेणाच्या दोऱ्यात परत ओवा, आत भिजून फुगलेले असतील ते टाकून द्या, त्यांचं काही होत नाही. ब्रोचच्या फुलाला मधोमध दोन भोकं पाडा, गरम सुईने पडतात, मागे फेल्टची चकती ठेवून सेफ्टी पिन त्या चकतीला शिवून घ्या आणि पुढून एका छोट्या बटणातून तोच दोरा घालून दोन्ही घट्ट बांधा, म्हणजे बटण फुलाचा मधला भाग होईल आणि सगळा ताण दोऱ्यावर जाईल. पिन त्वचेला फारशी लागत नाही त्यामुळे निकेलचीही फार काळजी नाही. ती फुलाच्या मध्यावर लावू नका, वरच्या तिसऱ्या भागात लावा, नाहीतर फूल पुढे मान टाकतं.